तिसऱ्या मजल्यावरचा फोन मुलुंडहून कसा आला

जुलैतली रात्र होती, दीड-पावणेदोनचा सुमार. परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावरच्या प्रसूती वॉर्डातून सिस्टरनी ३२०५ फिरवला. ३२०५ हे त्याच संस्थेच्या घाटकोपरच्या रुग्णालयातलं रक्त साठवण केंद्र. एरवी दोन रिंगमध्ये फोन उचलला जातो. त्या रात्री आधी नुसती शांतता, मग रिंग, आणि फोन उचलला तो परळच्याच तळमजल्यावर बसलेल्या ऑपरेटर ताईंनी. त्यांच्या कन्सोलवर दिवा लागला होता मुलुंडच्या ट्रंकचा, म्हणजे संस्थेच्या मुलुंडच्या जागेशी जोडणाऱ्या लाइनचा.

"मुलुंड का? बोला."

"मुलुंड नाही हो ताई, मी वरून बोलतेय, थर्ड फ्लोअर. मला घाटकोपरचं ब्लड हवंय."

ताई मला नंतर म्हणाल्या, "दादा, मी बोलले की मध्ये मोठी गॅप, मग तिचं उत्तर. मला खरंच वाटलं, कुठून तरी लांबून फोन आहे." त्यांनी सिस्टरना ठेवायला सांगून स्वतः ३२०५ फिरवला, तर त्यांच्याच कन्सोलवर दुसरा दिवा लागला. पुन्हा मुलुंड. मुलुंडला काय चाललंय ते विचारावं म्हणून तिथल्या रिसेप्शनचा नंबर लावला, तर एंगेज. तोवर वॉर्डातून पुन्हा प्रयत्न सुरू झाले होते. शेवटी ताईंनी टेबलाच्या काचेखालचा कागद पाहिला. त्यावर घाटकोपरचा जुना थेट नंबर पेनाने लिहिलेला होता. बाहेरच्या लाइनवरून तो लावला आणि एका फटक्यात लागला. रक्ताची पिशवी निघाली, वेळेत पोचली, बाई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिले. पहिला प्रयत्न आणि लागलेला फोन यांत अकरा मिनिटं गेली होती. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात अकरा मिनिटं किती मोठी असतात, हे त्या वॉर्डातल्या कोणालाही विचारावं.

सकाळी आठला मला फोन आला. संस्थेच्या टेलिफोन यंत्रणेची देखभाल माझ्याकडे येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

जागा तीन, यंत्रणा तीन

परळला मुख्य रुग्णालय आहे. तिथे जुनी, पण धडधाकट ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांशी आणि बाहेर जोडणारी यंत्रणा. आतून ती डिजिटल, आणि पुढे कधीतरी तिच्यात व्हीओआयपीचं, म्हणजे डेटाच्या जाळ्यावरून आवाज नेणारं, कार्ड बसवलेलं. घाटकोपरला छोटं रुग्णालय आणि रक्त साठवण केंद्र, मुलुंडला ओपीडी आणि पॅथॉलॉजी. या दोन्ही ठिकाणी नंतर घेतलेल्या आयपी यंत्रणा आहेत. तिन्ही जागा लीज्ड लाइनच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या खास लाइनच्या, जाळ्याने जोडलेल्या, आणि त्यावर एसआयपी ट्रंक. एसआयपी म्हणजे डेटाच्या जाळ्यावर कॉल जोडण्याची पद्धत. परळ-मुलुंड ट्रंकवर १६ चॅनेल (म्हणजे एका वेळी तेवढेच कॉल), परळ-घाटकोपर आठ, मुलुंड-घाटकोपर आठ. शिवाय प्रत्येक जागी बाहेरच्या कॉलसाठी स्वतंत्र पीआरआय, म्हणजे टेलिफोन कंपनीची एका वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन.

नंबरांची रचना चांगली होती, आणि ज्याने ती केली त्याला मी मनापासून दाद देतो. पूर्वी तिन्हीकडे तीन आकडी एक्स्टेन्शन होते आणि २०५ हा नंबर तिन्ही ठिकाणी होता, त्यामुळे दुसऱ्या जागी बोलायचं तर आधी कोड लावावा लागे. नंतर सगळं चार आकडी झालं: २ ने सुरू होणारे परळचे, ३ चे घाटकोपरचे, ४ चे मुलुंडचे. बाहेरच्या लाइनसाठी ०, ऑपरेटरसाठी ९. आणि १ मोकळा सोडलेला, कारण १००, १०१, १०८, ११२ हे नंबर घाबरलेल्या माणसाच्या हातून सरळ लागायला हवेत. मधे एक्स्टेन्शनचा नंबर आडवा येता कामा नये.

त्या रात्री एलबीएस रोडवर पाणी भरलं होतं. घाटकोपरच्या इमारतीत लीज्ड लाइनचा मोडेम तळमजल्यावर होता, तो भिजला. टेलिफोन यंत्रणा दुसऱ्या मजल्यावर जनरेटरवर नीट चालू होती, पीआरआयसुद्धा चालू होता. तुटला होता फक्त बाकीच्या दोन जागांशी जोडणारा धागा. म्हणजे घाटकोपरला फोन लागणं शक्य होतं. तो कसा लावायचा हे परळच्या इमारतीत एका कागदाला ठाऊक होतं आणि तीन यंत्रणांपैकी एकीलाही नव्हतं.

सीडीआरमधल्या सोळा ओळी

मी परळच्या यंत्रणेतून कॉलच्या नोंदी, म्हणजे सीडीआर, काढल्या. ०१:४२ ला सिस्टरच्या २११४ वरून ३२०५ ला एक कॉल. त्याच्या खाली, त्याच सेकंदाला, मुलुंडच्या ट्रंकवरून ३२०५ साठी आलेला कॉल. मग मुलुंडच्या ट्रंकवर गेलेला कॉल. मग आलेला. मग गेलेला. दोन सेकंदांत सोळा ओळी, आठ जाणाऱ्या आणि आठ येणाऱ्या. सगळ्यांवर कॉल करणारा नंबर एकच: २११४.

मग दोन्हीकडची रूटिंग टेबलं, म्हणजे कोणता नंबर कुठे पाठवायचा याचे तक्ते, शेजारी शेजारी ठेवली. परळच्या टेबलात लिहिलं होतं: ३ ने सुरू होणारा नंबर आला तर तो घाटकोपरच्या ट्रंकवर पाठव, ते जमलं नाही तर मुलुंडमार्गे पाठव. मुलुंडच्या टेबलात लिहिलं होतं: ३ ने सुरू होणारा नंबर आला तर घाटकोपरच्या ट्रंकवर पाठव, ते जमलं नाही तर परळमार्गे पाठव. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगवेगळ्या वर्षी, आपल्या जागेचं भलं व्हावं म्हणूनच ती लिहिली होती. घाटकोपरचा धागा तुटला आणि दोन्ही वाक्यं एकाच वेळी लागू झाली. परळने कॉल मुलुंडला दिला, मुलुंडने परळला परत दिला. तो आपणच आत्ता पाठवला होता हे परळला कळलं नाही, कारण ट्रंकवरून आलेला कॉल त्याच्या दृष्टीने नवाच होता. त्याने तो पुन्हा मुलुंडला दिला. असं १६ चॅनेल संपेपर्यंत चाललं.

सोळावं चॅनेल भरल्यावर परळला पुढे पाठवायला जागाच उरली नाही. अशा वेळी काय करायचं याचीही एक सूचना होती: कुठेच न लागणारा कॉल ऑपरेटरकडे वळव. सूचना चांगल्या हेतूची होती, पण त्यामुळे हा लूप, म्हणजे गोल गोल फिरणारा कॉल, सुटण्याऐवजी धरून ठेवला गेला. ऑपरेटर ताई आणि सिस्टर एका इमारतीत, तीन मजल्यांच्या अंतरावर बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज परळ-मुलुंड अशा आठ येरझाऱ्या घालून येत होता. परळच्या यंत्रणेत दर फेरीला आवाजाचे पॅकेट (छोटे तुकडे) उघडून पुन्हा नव्याने बांधले जात. पॅकेट भरायला २० मिलिसेकंद, पॅकेट मागेपुढे आले तर सावरून घेणाऱ्या बफरचे आणखी ४० धरले, तर आठ फेऱ्यांत सहज अर्धा सेकंद होतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. ताईंना जाणवलेली 'गॅप' ती हीच.

या सोळा ओळींनी आणखी एक तक्रार उलगडली, जी माझ्याकडे आलीच नव्हती. त्याच रात्री मुलुंडच्या पॅथॉलॉजीचे रिपोर्ट परळला उघडायला फार वेळ लागत होता आणि नेटवर्कची माणसं लाइनवर खापर फोडत होती. जी.७११ कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या एका पद्धतीत, आवाजाचे ६४ केबीपीएस असतात, हेडर (प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता) धरून इथरनेटवर ते ८७ च्या आसपास जातात. गुणिले सोळा म्हणजे जवळपास १.४ एमबीपीएस. लाइन होती दोन एमबीपीएसची, आणि आवाजाला पहिला मान. न लागलेल्या एका फोनने दोन जागांमधला जिवंत रस्ताही अडवून धरला होता. मुलुंडचं रिसेप्शन एंगेज लागलं तेही यामुळेच. तिथे सगळे फोन मोकळे होते.

कुणीच कसं थांबवलं नाही

एसआयपीमध्ये यावर उपाय आधीपासून आहे. एसआयपीचे नियम सांगणाऱ्या २००२ च्या आरएफसी ३२६१ या दस्तऐवजानुसार प्रत्येक कॉलबरोबर मॅक्स-फॉरवर्ड्स नावाचा आकडा जातो. सुरुवात ७० पासून, दर टप्प्याला एक कमी. शून्य झाला की कॉल ४८३ च्या उत्तराने परत येतो, म्हणजे 'टप्पे फार झाले'. जुन्या डिजिटल ट्रंकांवरच्या क्यूसिग पद्धतीमध्येही याच कामाचा ट्रांझिट काउंटर आहे. मग आमच्याकडे तो का चालला नाही?

कारण बहुतेक ऑफिस यंत्रणा कॉल नुसता पुढे ढकलत नाहीत. आलेला कॉल स्वतःकडे संपवतात आणि पुढे आपला नवा कॉल सुरू करतात. नव्या कॉलचा आकडा पुन्हा ७०. परळमध्ये तर कॉल मधे यंत्रणेच्या आतल्या जुन्या डिजिटल वाटेवर (बसवर) उतरत होता, तिथे एसआयपीचा हा आकडा पोचतच नाही. आणि समजा तो टिकला असता, तरी सोळा टप्प्यांत ७० चा ५४ झाला असता. चॅनेल आधी संपले असते. तीन जागांच्या जाळ्यात ७० हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही. जिथे बदलता येतो तिथे मी तो आता पाचवर ठेवतो.

पहिल्या बैठकीत एक सूचना आली, की परळ-मुलुंड ट्रंक १६ वरून ३० चॅनेलची करावी, लायसन्सचं कोटेशन तयार आहे. मी हात जोडून विरोध केला. या ट्रंकवर सर्वात गर्दीच्या तासात ८० च्या आसपास कॉल होतात, सरासरी तीन मिनिटांचे. ८० गुणिले ३ भागिले ६०, म्हणजे ४ अर्लांग, एका वेळी सरासरी चार कॉल चालू. डेन्मार्कचा गणिती अर्लांग याने १९१७ मध्ये दिलेल्या सूत्राने काढलं तर एवढ्या वाहतुकीला १० चॅनेलवरही दोनशे कॉलमागे जेमतेम एक परत जातो. सोळा आधीच भरपूर होते. तीस घेतले असते तर आठाऐवजी पंधरा येरझाऱ्या झाल्या असत्या, आणि आवाजाने २.६ एमबीपीएस मागितले असते, दोनच्या लाइनवर. धर्मादाय संस्थेचे पैसे फक्त लूप लांबवण्यात गेले असते.

मला सारखी आठवण येत होती ती जुन्या दोरीच्या बोर्डांची. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज १८८२ मध्ये आलं आणि पुढची कित्येक वर्षं कॉल माणसंच जोडत होती. बोर्डावरच्या बाईने दोरी ज्या भोकातून आली त्याच भोकात परत खुपसली नसती. यंत्राला तेवढी समज आपण लिहून द्यावी लागते.

काय बदललं

पहिली गोष्ट, ट्रंकवरून आलेल्या कॉलला पुन्हा ट्रंकवर जायची परवानगी काढून घेतली. प्रत्येक यंत्रणेत एक्स्टेन्शनला जसा सेवेचा वर्ग असतो, कुणाला एसटीडी आहे, कुणाला नाही, तसा तो ट्रंकलाही देता येतो. बहुतेक जण तो देतच नाहीत, ट्रंकला सगळं खुलं ठेवतात. आता मुलुंडहून आलेला कॉल परळमध्ये फक्त परळच्याच एक्स्टेन्शनला लागतो. एवढ्या एका बदलाने लूप अशक्य झाला.

पण आयटी प्रमुखांचा मुद्दाही खरा होता. परळ-घाटकोपरचे आठ चॅनेल सकाळी कधी कधी भरतात, तेव्हा मुलुंडमार्गे जाण्याचा फायदा होतो. मूळ नियम लिहिला गेला तोच त्यासाठी. म्हणून तो रस्ता ठेवला, पण एकाच दिशेने आणि खूण बांधून. परळला मुलुंडमार्गे जायचं असेल तर तो नंबरापुढे ७७ लावतो: ७७३२०५. मुलुंडमध्ये ७७ साठी वेगळा नियम आहे: ७७ काढ, उरलेला नंबर थेट घाटकोपरच्या ट्रंकवर दे, नाही जमलं तर कॉल परत कर. दुसरा पर्याय शोधायचा नाही. पर्याय शोधण्याचा हक्क फक्त त्या यंत्रणेला, जिच्या एक्स्टेन्शनवरून कॉल निघाला. तीन जागांना तेवढं पुरतं. दहा जागा असत्या तर मी मधे एकच केंद्र ठेवलं असतं आणि बाकी कुणालाच ट्रांझिट, म्हणजे दुसऱ्याचा कॉल पुढे नेणं, दिलं नसतं.

या रस्त्याबद्दल एक भ्रम सगळ्यांनाच होता, मलाही. नकाशावर घाटकोपरला दोन वाटा दिसतात, एक परळहून, एक मुलुंडहून. जमिनीखाली घाटकोपरच्या इमारतीत येणारी केबल एकच आहे आणि मोडेमही एकच. पाणी भरलं की दोन्ही वाटा एकदम बंद. चॅनेल भरण्यावर मुलुंडची वाट उपाय आहे, लाइन तुटण्यावर नाही. त्यावर खरी दुसरी वाट पीआरआयची, म्हणजे ताईंच्या कागदावरची.

तो कागद यंत्रणेत उतरवणं हे सगळ्यात किचकट काम निघालं. घाटकोपरच्या पीआरआयवर थेट नंबर मोजकेच होते, प्रत्येक एक्स्टेन्शनला मिळण्याइतके नव्हते. म्हणून रक्त साठवण केंद्र, कॅज्युअल्टी आणि आयसीयू यांना एकेक थेट नंबर दिला, आणि बाकीचे ३ चे नंबर पीआरआयमार्गे गेले तर घाटकोपरच्या रिसेप्शनवर उतरतात. परळ आणि घाटकोपर दोन्ही ०२२ मध्ये, त्यामुळे चार आकडे काढून आठ आकडी नंबर लावला की काम होतं. त्यापुढचा शेवटचा आधार म्हणून केंद्राचा ड्यूटी मोबाइल घातला, आणि पहिल्याच चाचणीत रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू आली. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो, आणि मी यंत्रणेत नुसता दहा आकडी नंबर भरला होता. हाताने फिरवणाऱ्याची गंमत वेगळी: बाहेरच्या लाइनचा एक ०, मोबाइलचा दुसरा ०, म्हणजे दोन शून्यं. ती पाहून परळची यंत्रणा कॉल आयएसडी समजत होती आणि वॉर्डातल्या फोनवरून अडवत होती. दोन शून्यांनंतर ६ ते ९ पैकी आकडा आणि एकूण दहा आकडे आले तर मोबाइल, तीन शून्यं आली तरच आयएसडी, असं लिहून ते सोडवलं. सिस्टर लोक वर्षभर त्यासाठी स्वतःचे मोबाइल वापरत होत्या. कुणी तक्रार केली नव्हती, कारण हे असंच असतं असं त्यांना वाटत होतं.

दुसरी वाट कधी घ्यायची, हेही नेमकं लिहिलं. पूर्वी कॉल कुठल्याही कारणाने फसला की यंत्रणा पुढचा मार्ग शोधायची, अगदी समोरचा फोन एंगेज असला तरी. कॉल का फसला हे यंत्रणा एका क्रमांकाने सांगते. क्रमांक १७ म्हणजे समोरचा बोलतोय. तिथे दुसऱ्या रस्त्याने जाऊन काय मिळणार, तो तरीही बोलतच असणार. आता ३४ (चॅनेल नाही), ३८ (जाळं बंद), ४१ (तात्पुरता बिघाड) आणि १०२ (उत्तराची वेळ संपली) एवढ्यांवरच पर्याय शोधला जातो. १७ आला की सिस्टरना सरळ एंगेज टोन.

राहिली ती सुरुवातीची शांतता. एसआयपीत समोरून काहीच उत्तर आलं नाही तर नेहमीच्या हिशेबाने ३२ सेकंद वाट पाहिली जाते. कानाला रिसीव्हर लावून ३२ सेकंद मोजून पाहा. ते टाळण्यासाठी यंत्रणा अधूनमधून ऑप्शन्सचा निरोप पाठवून समोरची बाजू जिवंत आहे का ते विचारत राहते. आमच्याकडे तो दर ६० सेकंदांनी जात होता. तो २० वर आणला आणि कॉलच्या उत्तराची वाट चार सेकंदांवर. आता लाइन तुटल्यानंतरचा अगदी पहिला कॉलसुद्धा चार सेकंदांत दुसरी वाट धरतो.

संस्थेच्या मुंबईबाहेरच्या, कर्जतच्या केंद्राचा विषयही त्या पहिल्या बैठकीत निघाला होता. एका विश्वस्तांनी विचारलं, तिथल्या लोकांना लीज्ड लाइनवरून परळला आणून परळच्या पीआरआयवरून मुंबईत फोन करू दिले तर एसटीडी वाचेल ना? नाही. खासगी जाळ्यावरून कॉल एका शहरातून दुसऱ्यात नेऊन तिथे सार्वजनिक जाळ्यात सोडणं आपल्याकडे नियमात बसत नाही. त्यांनी लगेच मान्य केलं आणि विषय तिथेच मिटला.

रविवारची चाचणी

एका रविवारी सकाळी सातला घाटकोपरच्या मोडेमची वायर काढली. आधी बदललेली यंत्रणा, मग मुद्दाम जुने नियम परत चढवून तीच चाचणी. जुन्या नियमांवर ताईंच्या कन्सोलवर मुलुंडचा दिवा लागला तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "हाच तो." नव्या नियमांवर २११४ वरून केलेला कॉल चार सेकंद थांबून घाटकोपरला वाजला. फक्त तिथल्या टेक्निशियनच्या फोनवर २११४ ऐवजी परळच्या पीआरआयचा नंबर दिसला आणि रिंग बाहेरच्या कॉलसारखी वाजली. त्यांच्या टेबलावर आणि वॉर्डात चिठ्ठी लावली: लाइन बंद असताना आपलाच कॉल बाहेरचा म्हणून वाजेल, उचला. मोडेम तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवायची मागणी मी लेखी दिली. ते काम पावसाळा संपल्यावर झालं.

त्याआधी ऑगस्टमध्ये लाइन आणखी एकदा गेली, पुन्हा रात्रीच. मला कुणी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी मी सीडीआर उघडली. त्या वेळेला ३२०५ साठी एकच कॉल होता: ०२:१७, २११४ वरून, मार्ग पीआरआय, एक मिनिट ४८ सेकंद.

ताईंनी काचेखालचा कागद काढलेला नाही, आणि मी तो काढायला सांगितलेला नाही. त्यावरचे थेट नंबर नवे लिहून दिले आणि तारीख टाकली.